सोबतीचा लिफाफा

कमलाकांतबाबूंनी तिसऱ्या लिफाफ्यावरची लाख चाकूच्या टोकाने उकलली, आतला कागद उलगडला आणि वाचायच्या आधीच थांबले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

“वाचा ना बाबूजी,” बाकाच्या टोकाला बसलेला रामराव म्हणाला. “दरसालचंच तर हाय. तुमी वाचा, आमी हो म्हन्तो, आन मंग च्या प्याले जातो.”

नेरी बाजारच्या नगरपालिकेत उन्हाळी सामानाची टेंडरे उघडली जात होती. अमरावतीहून अकोल्याकडे जाणारी मोटार या गावात पाणी प्यायला थांबते, एवढीच गावाची ख्याती. पण नगरपालिका होती, तिला एक साहेब होते, आणि साहेबांच्या टेबलावर वर फट असलेली एक लोखंडी पेटी होती. पेटीचे कुलूप साहेबांनी स्वतः काढायचे, लिफाफे भांडाराचे कारकून कमलाकांतबाबू यांनी फोडायचे आणि दर मोठ्याने वाचायचे, अशी पद्धत. ठेकेदारांनी समोरच्या बाकावर बसून ऐकायचे. ठेकेदार म्हणजे तरी कोण? कचेरीच्या दारा-खिडक्यांना गारव्यासाठी वाळ्याच्या ताट्या बांधणारा देवमन गावंडे, पाणपोयांचे रांजण घडवणारा बुधाजी कुंभार, आणि पाणपोईवर सावलीला बांबूचे तट्टे घालणारा रामराव. तिघांत मिळून वहाणांचे जोड दोन.

कमलाकांतबाबूंनी एकदा साहेबांकडे पाहिले, एकदा देवमनकडे, आणि खालच्या आवाजात वाचले, “रांजण, नग एक. देवमन गावंडे. दोन रुपये बारा नवे पैसे.”

बुधाजीचा दर आधीच वाचून झाला होता. अडीच रुपये. रामरावचा तीन.

“म्हणजे रांजण गावंडेंना,” साहेब म्हणाले आणि त्यांनी तक्त्यावर सही केली.

देवमनला पहिल्यांदा काही उमगलेच नाही. तो दरसालच्या सवयीने मान डोलावून बसला होता. शेजारचा बुधाजी मात्र वळला. चाकावर वाकून वाकून बुधाजीची मान आखडून गेली होती. तो नुसती मान वळवू शकत नसे, वळायचे तर अख्खा वळायचा. तसा तो अख्खा वळला, देवमनकडे पाहिले, भिंतीशी टेकवलेली काठी घेतली आणि निघून गेला. चहाला थांबला नाही.

हे कसे झाले ते कळायचे तर सोबतीचा लिफाफा ही काय भानगड होती ते आधी सांगायला हवे.

नगरपालिकेचा नियम असा, की कोणत्याही वस्तूसाठी किमान तीन टेंडरे आली पाहिजेत. नेरी बाजारात तेवढे मोठे रांजण घडवणारा कुंभार एकच, ताट्या बांधणारा एकच. तीन आणायचे कुठून? आणि तीन आले नाहीत तर अमरावतीच्या पेपरात जाहिरात द्यावी लागे. जाहिरात आली की अकोल्याचे व्यापारी मोटारीने उतरणार, पहिल्या वर्षी पडेल भावात माल देणार आणि गावचा माणूस घरी बसला की पुढच्या वर्षी हवा तो भाव लावणार. शेजारच्या एका गावात तसे झालेही होते. म्हणून देवमनच्या बापाच्या वेळेपासून या लोकांनी आपसात एक रीत पाडली होती. ज्याचे काम त्याने आपला दर भरायचा, आणि बाकीच्या दोघांनी त्याच्या सोबतीला म्हणून थोड्या चढ्या दराचा एकेक लिफाफा टाकायचा. वरातीत नवरदेवापुढे चालणाऱ्या पाहुण्यासारखा हा लिफाफा. लग्न त्याचे नसते, पण तो नसला तर वरात शोभत नाही. कमलाकांतबाबूंना हे ठाऊक होते. एकामागून एक आलेल्या साहेबांनाही कळत असावे. पण दर वाजवी असत, माल चोख असे, आणि जेथे नियम आणि गाव दोघांचाही मान राहतो तेथे कोणी फार खोलात जात नाही.

तिघांत लिहिता येणारा खरा देवमनच. रामराव कसेबसे आपले भरी. बुधाजी अंगठा उठवी आणि त्याचे सगळे कागद देवमन लिही. “तू लिव, मी ठोकतो,” असे म्हणून बुधाजी शाईत अंगठा बुडवून तयार असायचा. कशावर ठोकतो हे त्याने कधी विचारले नव्हते.

त्या साली फॉर्म नवे आले होते. आणे गेले, नवे पैसे आले. बाजारात भाजीवाली अजून आण्यातच बोलायची, पण सरकारी कागदावर आण्याला जागा उरली नव्हती. छापील रकाने दोनच, रुपये आणि नवे पैसे. कमलाकांतबाबूंनी देवमनला शेजारी बसवून त्याचा ताट्यांचा फॉर्म आणि बुधाजीचा रांजणांचा फॉर्म स्वतःच्या नजरेखाली भरून घेतला. “आठ आणे म्हणजे पन्नास. पन्नास लिही. हं, असं.” दोन्ही फॉर्म दोनदा वाचून झाले, लाख लागली, आणि तेवढ्यात साहेबांची घंटी वाजली. बाबू आत गेले.

उरले सोबतीचे लिफाफे. ते देवमनने मोटारस्टँडवरच्या हॉटेलात बसून भरले, एका हाताने भजी खात. बुधाजीच्या नावाने ताट्यांचा सोबतीचा दर लिहायचा होता चौरस फुटाला अर्धा रुपया. ते पन्नास अजून डोक्यात ताजे होते, बरोबर लिहिले गेले. मग आपल्या नावाने रांजणाचा. दरसाल तो पावणेतीन असे, आणि पावणेतीन म्हणजे दोन रुपये बारा आणे, हे हाताला इतक्या वर्षांचे पाठ झालेले. हाताने पहिल्या रकान्यात दोन लिहिले, दुसऱ्यात पंच्याहत्तरऐवजी बारा. देवमनने कागदाची घडी घातली, लाख लावली आणि उरलेली भजी संपवली.

आपला लिफाफा माणूस डोळ्यांत तेल घालून भरतो. सोबतीचा उरकतो. झाले होते ते एवढेच.

“बाबूजी, बारा आने होते थे,” साहेब जेवायला गेल्यावर देवमन म्हणाला.

“मला कळलं रे. वाचतानाच कळलं.” कमलाकांतबाबू टाकाची निब पुसत होते. भिडस्त माणूस, कोणाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलत नसत. “साहेबांना सांगून पाहिलं मी. ते म्हणतात, पेटी उघडल्यावर अक्षर बदलायचं नाही. आज तुझ्यासाठी बदललं तर उद्या कोणीही येईल बदलायला. आणि ते काही चुकीचं बोलत नाहीत, देवमन.”

“मंग मले नोको थो ठेका. बुधाजीले द्या.”

“माघार घेता येते. पण अनामत जाईल, आणि नाव तीन वर्षं काळ्या यादीत.” बाबूंनी निब पुन्हा पुसली. “काळी यादी म्हणजे नुसते रांजण नव्हेत. ताट्याही जातील. तुझं कोणतंच टेंडर पेटीत पडणार नाही. काय ते आठवड्यात लिहून दे मला. मी तरी काय सांगू तुला.”

देवमन घरी आला तेव्हा दुर्गाबाई अंगणात वाळा धुऊन पसरत होती. पूर्णेच्या काठाने हिवाळाभर नवराबायकोने उकरून आणलेली मुळे, माती झटकलेली, अंगणभर पसरलेली. अंगणाला, कपड्यांना, भाकरीलासुद्धा त्या दिवसांत वाळ्याचा वास यायचा. शेत होते ते भावकीत तुकडे पडून पडून एवढेसे राहिलेले. घर चालायचे ते या वासावरच.

त्याने सगळे सांगितले. दुर्गाबाईने हात थांबवला नाही.

“त्यायच्याचकडून घ्या ना रांजन,” ती शेवटी म्हणाली. “त्यायच्याच भावात घ्या, आन कचेरीत दोन बारानं द्या. बट्टा पडंन थो आपन खाऊ.”

“देईन का थो?”

“काहून नायी देनार? इतक्या सालची संगत हाय. जाऊन तर पाहा.”

बुधाजीचे घर वेशीजवळ होते. दाराशी नव्या रांजणांची रांग लागली होती, तोंडे खाली करून, जणू पंगतीला बोलावलेली आणि अजून वाढप न आलेली माणसे. ते रांजण एकट्या नगरपालिकेच्या मापाचे. एवढे मोठे भांडे घरी नेऊन ठेवणारे गावात दुसरे कोणी नव्हते. नगरपालिकेने ते घेतले नाहीत तर त्यांची खापरेच व्हायची, आणि बुधाजीचा हिवाळा मातीत जायचा.

बुधाजी ओट्यावर बसला होता. उठला नाही. ‘ये’ म्हणाला नाही. त्याची बायको कौशल्या आतून आली, तिने ओट्यावर पाण्याचा तांब्या ठेवला.

“पानी प्या, देवमनभाऊ.”

“रांजन इकत घ्याले आला का?” बुधाजीने समोर पाहतच विचारले. “काय भावानं देऊ? दोन बारा?”

“थे बारा आने होते, बुधाजी. चुकून लिवलं गेलं.”

“माया दर कोनं लिवला? तूनं. तुया दर कोनं लिवला? तूनंच. मी आंधळ्यावानी अंगठा ठोकत राह्यलो. माया चुकला नायी, तुया बरा चुकला.”

“तुया बाबूजीच्या पुढं बसून लिवला ना मनून.”

“आन मायासाठीचा?”

देवमनने तांब्याकडे पाहिले. भजी खात लिहिला, हे कसे सांगायचे?

“माया बापानं तुया बापाच्या सोबतीनं लिफाफे टाकले,” बुधाजी म्हणाला. “कधी एका पैशाचा फरक नायी आला. तुले रांजनाचा ठेका पायजे होता त मले सांगाचं. मी चाक देलं असतं तुले उचलून.”

“मी तुयाच भावात घेतो. अडीचनं घेतो. कचेरीत दोन बारानं देतो. बाकीचं मायं मी पाहीन.”

बुधाजी अख्खा वळला. “मंजे मी तुया हाताखाली? कचेरीत नाव तुयं, आन बुधाजी तुया मजूर? जाय बाप्पा. फोडून टाकीन, पन तुले नायी देनार.”

कौशल्या दारात उभी होती. तिने तांब्याकडे बोट केले. देवमन पाणी प्यायला. चांगल्या रांजणातले गार पाणी.

आठवड्यात अकोल्याला जाऊन तिथल्या कुंभारांकडून रांजण आणता आले असते. रामरावने तसा सल्लाही दिला. “आन अन् मोकळा हो,” तो म्हणाला. “रुसलेल्या मान्साच्या मांगं किती धावाचं?” बोलण्यात खोट नव्हती. पण वेशीवरून येता-जाता ती रांग दिसायची. आपण मोटारीवरून अकोल्याचे रांजण उतरवतो आहोत आणि समोर बुधाजीचे रांजण तसेच तोंडे खाली करून बसले आहेत, हे चित्र देवमनच्या डोळ्यांपुढून हलेना.

शेवटच्या दिवशी सकाळी त्याने दौत काढली, कोरा कागद गुडघ्यावर घेतला आणि नुसताच बसून राहिला. दुर्गाबाई चुलीपाशी होती. तो काय लिहिणार ते तिला ठाऊक होते.

“तीन साल काय खाव आपन?” तिने विचारले.

“मजुरी करू. सरकीच्या मिलवर जाईन मी.”

अंगणातल्या वाळ्यावर ऊन आले होते आणि वास दाटून आत येत होता. मग पदराला हात पुसत ती म्हणाली, “लिवा. पन अक्षर नीट काढा आता.”

देवमनचे नाव काळ्या यादीत गेले. रांजणांचा हुकूम बुधाजीला मिळाला. नेरी बाजारच्या पाणपोयांवर त्या चैत्रातही बुधाजीचेच रांजण बसले. मोटारीतून उतरलेले लोक ओंजळीने पाणी प्यायले, आणि देवमन त्या बाजूने जाताना दुसऱ्या बाजूला पाहून जाऊ लागला.

ताट्यांचे काय होणार, याचा त्याने विचारच केला नव्हता. आपले गेले म्हणजे गेले. वाळ्याचा ढीग अंगणात पडून होता; कोणी अत्तरवाला घेईल म्हणून त्याने अमरावतीला निरोप धाडला होता. एका संध्याकाळी तो सुतळीची लडी गुंडाळून ठेवत असताना काठीचा आवाज आला. बुधाजी फाटकात उभा होता. हातात कागद.

“मले हुकूम आला,” तो म्हणाला.

“ठाऊक हाय. रांजनाचा.”

“थो नोय. दुसरा.” त्याने कागद पुढे केला. “बाबूजीनं वाचून देला. म्हने, गावंडेचं नाव गेलं, त त्याच्या वरचा दर बुधाजीचा. सोबतीचा टाकला होता ना मी? अर्धा रुपया? थो पास झाला. नगरपालिकेच्या साऱ्या ताट्या मले भेटल्या.”

देवमन कागद वाचत राहिला. हुकमावर कमलाकांतबाबूंचे वळणदार अक्षर होते. ताट्या पुरवणे, बसवणे व पाणी मारणे. ठेकेदार, बुधाजी कुंभार.

“आता सांग,” बुधाजी म्हणाला. “मी ताटी कशी बांधू? वाळा चाकावर ठेवून फिरवू का?”

चुलीपाशी दुर्गाबाई हसली. देवमनने हसू आवरले तरी ओठ हललेच. बुधाजी ओट्यावर टेकला, काठी आडवी ठेवली.

“बाबूजीनं पैशायचा घोळ सांगतला मले. बारा आने मंजे किती, अन् बारा पैसे मंजे किती. धा डाव सांगतला तवा डोक्यात शिरला.” त्याने काठी जरा मागे सरकवली. “तवाच असं फोडून सांगाचं ना मले.”

“तू सांगू कुठी देलं?”

“मंग वरडून सांगाचं. मी काय देव हाओ, मनातलं कळाले?” बुधाजीने अंगणातला वाळा मुठीत घेऊन हुंगला. “तू बांध. नाव मायं, हात तुया. पैसा जे भेटंन थे तुले आनून देईन. त्यातला एक पैसा मले नोको. दुर्गाबाईच्या हातात मोजून देईन, तुया नायी. तुया हिशेब मी पाह्यला.”

“मंजे आता मी तुया हाताखाली,” देवमन म्हणाला.

“मंग? बस, मजुरा.”

कमलाकांतबाबूंना हे कळल्यावाचून राहिले नाही. नमुन्याची ताटी जमा करायला दोघे गेले, तेव्हा त्यांनी तिच्या कोपऱ्याला सुतळीने चिठ्ठी बांधली, गाठीवर लाख लावली, चिठ्ठीवर ठेकेदाराचे नाव लिहिले आणि देवमनकडे न पाहता म्हणाले, “ताटी बांधणारा हात कोणाचा, हे फॉर्मात विचारलेलं नाही.”

पहिल्या दिवशी ताट्यांना पाणी मारायचे ते साहेबांच्या खोलीपासून, ठेकेदाराच्या देखत, अशी कचेरीतली प्रथा. बाहेर झळा मारत, आत दारावर नवी ताटी. बुधाजी पुढे उभा राही, धुतलेले धोतर नेसून. देवमन बादली घेऊन मागे. ओंजळीने पाणी सपकन ताटीवर बसे, मुळांमधून गार वारा आत शिरे आणि कागदांच्या, शाईच्या, घामाच्या वासावर वाळ्याचा वास चढे. ज्यांनी तो वास घेतला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

“वा, बुधाजी,” साहेब म्हणत. “हात आहे तुमचा.”

बुधाजी अख्खा वळून देवमनकडे पाही. देवमन बादलीत पाहत राही.

तीन वर्षे गेली; देवमनच्या जागचा तिसरा लिफाफा तेवढे दिवस रामरावच्या मेव्हण्याच्या नावाने पडत राहिला. नाव यादीतून निघाले, आणि देवमन हौसेने बुधाजीला सोबत घेऊन नवा फॉर्म आणायला गेला. दरम्यान फॉर्मही बदलला होता. त्यात खाली एक ओळ वाढली होती: मागील तीन वर्षांत हेच काम केल्याचा दाखला असणाऱ्यालाच ठेका मिळेल.

“ताट्यांचा दाखला बुधाजीच्या नावाचा आहे,” कमलाकांतबाबू म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. “कागदावर तू गेल्या तीन वर्षांत एकही ताटी बांधलेली नाहीस, देवमन.”

बुधाजी हे ऐकून काठी आपटत उठला. “मी सांगतो साहेबाले. हा बांधते, मी नायी.”

“काय सांगशीन?” देवमनने त्याचा पंचा धरला. “का तीन साल दुसऱ्याच्या हातावर आपलं नाव लावलं मनून? तुये रांजनही जातीन, आन बाबूजीची नोकरीही.”

“मंग काय जलमभर माया नावानं बांधशीन?”

“राहू दे ना. तुया रांजनातलं पानी तुया नावाच्या ताटीवर. काय बिगडलं?”

तसेच राहिले. सुरुवातीला बुधाजी दरसाल कुरकुरे. मग त्याने कुरकुरणे सोडले, पण दर हंगामात पैसे मिळाले की तो आधी देवमनच्या घरी येई आणि दुर्गाबाईच्या हातात देई. घरी कौशल्याला नंतर तोंड दाखवी. जिल्हा परिषद आली, नवे साहेब आले, गेले. गावात हळूहळू बुधाजीला ‘ताटीवाला बुधाजी’ म्हणू लागले. तिवस्याहून एकदा एक वकील आपल्या बंगल्याला ताट्या हव्यात म्हणून थेट वेशीजवळ बुधाजीच्या घरी गेले. बुधाजीने त्यांना ओट्यावर बसवले, पाणी दिले, आणि कौशल्याला देवमनकडे पिटाळले. “सांग त्याले, माया हात घेऊन ये.”

बुधाजी गेला तो पौषात. थंडीने छाती भरली आणि चार दिवसांत खेळ आटोपला. चाक दाराशी उभे करून ठेवले. मुलगा सरकारी मोटारीवर कंडक्टर झालेला, त्याला मातीची आवड नव्हती.

फाल्गुन लागला तशी देवमनला नगरपालिकेच्या नोटिशीची आठवण झाली. आता टेंडर कोणाच्या नावाने भरायचे, हा पेच घेऊन तो कचेरीत गेला. फळ्यावर नोटीस लागली होती. उन्हाळी सामानाच्या यादीत रांजण होते, तट्टे होते. ताट्या नव्हत्या. साहेबांच्या खोलीच्या खिडकीत पत्र्याचे एक मोठे खोके बसवले होते, आत पंखा, घुर्र आवाज करणारा. अकोल्याहून मागवलेला कूलर. माणसे येऊन त्याच्यापुढे उभी राहत होती आणि सदऱ्याची गळपट्टी सैल करत होती.

साहेब बाहेर आले. नवे असले तरी तीन उन्हाळे काढलेले, चांगला माणूस. देवमनला पाहून म्हणाले, “तुम्ही बुधाजींच्या सोबत असायचे ना, बादली घेऊन? वाईट झालं. खरं सांगू, ते गेले म्हणूनच कूलर घेतला आम्ही. त्यांच्यासारख्या ताट्या आता कोण बांधणार?”

आपल्या टेबलावरून कमलाकांतबाबूंनी मान वर केली. केस पांढरे झाले होते, निवृत्तीला थोडे महिने उरले होते. आयुष्यात प्रथमच ते कोणाच्या तरी डोळ्याला डोळा देऊन बोलायला निघाले होते. त्यांचे ओठ उघडले.

देवमनने त्यांच्याकडे पाहून हलकेच नकाराची मान हलवली.

“हो जी,” तो साहेबांना म्हणाला. “हात होता त्याचा.”

बाबूंनी मान पुन्हा खाली घातली. थोड्या वेळाने ते भांडारात गेले आणि एक ताटी घेऊन आले. गेल्या सालच्या नमुन्याची, कोपऱ्याला बुधाजीच्या नावाची चिठ्ठी, गाठीवर लाख तशीच. “ही परत करायची असते,” ते म्हणाले. “ठेकेदाराला.”

देवमन ताटी पाठीवर घेऊन निघाला. ऊन चढले होते. वेशीजवळ कौशल्या दारात बसली होती. दाराच्या एका बाजूला बुधाजीच्या हातचा शेवटचा रांजण, ओले फडके गुंडाळलेला. आयुष्यभर कचेऱ्यांच्या दारांना ताट्या गेल्या. या दाराला कधी नव्हती, आणि देवमनच्याही नव्हती.

“हे काय जी, देवमनभाऊ?”

“ताटी. कचेरीनं परत देली.”

“आमच्या दाराले? लोक हासतीन. साहेबाचं घर हाय का हे?”

त्याने चौकटीतल्या खिळ्यांना सुतळी बांधली. कौशल्या उठून ताटीवरून हात फिरवू लागली. बोट कुठे आत शिरते का ते पाहत होती.

“केवढी गच्च बांधली,” ती म्हणाली. “कोनं बांधली जी?”

तिला ठाऊक नव्हते असे नव्हे.

“बुधाजीनं,” देवमन म्हणाला.

कौशल्याने पदर डोळ्यांना न लावता नुसता डोक्यावर सारखा केला. मग आत जाऊन तांब्या आणला आणि रांजणातून भरून त्याच्या हातात दिला. देवमनने पाणी मारले. वर्षभर कोरडी पडलेली मुळे आधी नुसती काळी झाली. मग वास आला. तो दुसऱ्यांदा तांब्या उचलताना थांबला, पुढे झाला, आणि कोपऱ्यातली चिठ्ठी भिजू नये म्हणून ती डाव्या हाताने वर धरून उजव्या हाताने पाणी मारत राहिला.